राखणदारांचे शिक्षण : निसर्गसंवर्धनातल्या कौशल्य-प्रशिक्षणाचा आढावा

दहावी-बारावीचा निकाल लागला की मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या किंवा कोकणपट्टीतल्या गावांत घरोघर एकच चर्चा सुरू होते : पोराला कुठे घालायचे, पोरीने काय शिकायचे? आयटीआयच्या यादीत इलेक्ट्रिशियन असतो, फिटर असतो, वेल्डर असतो. गावाभोवती जंगल आहे, ओढा आहे, खाडी आहे. त्यांची निगा राखणे हाही शिकून करण्याचा व्यवसाय आहे आणि त्यावर घर चालू शकते, हे मात्र त्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

कामाचा आवाका लहान नाही. महाराष्ट्रात पन्नास हजार चौरस किलोमीटरहून अधिक वनाच्छादन आहे. सहा व्याघ्रप्रकल्प आहेत, सातशे किलोमीटरपेक्षा लांब किनारा आहे. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे, आणि त्या खडकात पाणी मुरवायचे आणि टिकवायचे तर मेहनतीइतकेच ज्ञान लागते. अठ्ठावीस हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत आणि प्रत्येकीवर आपल्या हद्दीतल्या जैवविविधतेची नोंद ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. ही कामे कोण करते, ते कुठे शिकतात आणि शिकून त्यांच्या पदरात काय पडते, याचा हा आढावा. तो घेताना एक गोष्ट वारंवार समोर येते. जिथे प्रमाणपत्र मिळते तिथे काम मिळेलच असे नाही, आणि जिथे काम रोज चालले आहे तिथे करणाऱ्याच्या कौशल्याला ना प्रमाणपत्र आहे ना रास्त मोबदला. हा सांधा जुळला नाही तर नवनवे अभ्यासक्रम काढून फारसे काही हाती लागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

डेहराडूनची परंपरा

भारतातल्या वनशिक्षणाचा उगम अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आहे. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ देशाचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा सुरू झाली. रेल्वेच्या स्लीपरना आणि सरकारी बांधकामांना लाकूड हवे होते. ते सतत मिळत राहावे यासाठी जंगलाची मोजणी करणारे, तोडीचे आराखडे आखणारे आणि हद्दी राखणारे लोक सरकारला लागत होते. वनशिक्षण म्हणजे वनखात्याच्या नोकरांचे शिक्षण, ही आपल्याकडची घडी तेव्हाच बसली.

पुढे ही परंपरा भक्कम झाली. १९३८ मध्ये डेहराडूनलाच इंडियन फॉरेस्ट कॉलेज उभे राहिले, १९६६ मध्ये भारतीय वनसेवा अस्तित्वात आली आणि १९८७ मध्ये त्या कॉलेजचे इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत रूपांतर झाले. १९८२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली आणि लाकडापुरते पाहणारे हे शिक्षण वन्यजीवांकडे वळले. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील कुंडल आणि चंद्रपूर इथे वन अकादमी आहेत. वनरक्षकांसाठी पाल, चिखलदरा, शहापूर अशा ठिकाणी प्रशिक्षण शाळा आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या वाळपईला वन प्रशिक्षण शाळा आहे. दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांत वानिकीची चार वर्षांची पदवीही मिळते.

वरच्या पायऱ्या अशा बांधलेल्या आहेत, पण खाली येत जावे तशी प्रशिक्षणाची मुदत घटत जाते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला दीड वर्षाचे प्रशिक्षण मिळते, वनरक्षकाला सहा महिन्यांचे. वनमजूर, रोपवाटिकेतले कामगार, उन्हाळ्यात जाळरेषा काढणारे आणि वणवा विझवायला धावणारे हंगामी लोक यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर प्रशिक्षण बहुधा तोंडी सूचनांवर आलेले असते. ब्रँडिस ज्या देशातून आले त्या जर्मनीत आज जंगलात प्रत्यक्ष काम करणारा वनकामगार हा तीन वर्षांची उमेदवारी करून मिळवायचा, परीक्षा घेऊन दिला जाणारा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. झाड कोणत्या बाजूला पाडायचे, करवत कशी सांभाळायची, रोप कधी विरळ करायचे, हे सारे तो कामावर आणि शाळेत असे दोन्हीकडे शिकतो. आपण त्या परंपरेतून अधिकाऱ्याचे शास्त्र घेतले; कामगाराची उमेदवारी आपल्याकडे उभी राहिलीच नाही.

वनरक्षकाला काय काय यावे लागते

महाराष्ट्रात २०२३ मध्ये वनरक्षकाच्या २१३८ पदांची भरती निघाली, तेव्हा गावागावांतली मुले-मुली पहाटे रस्त्यांवर धावताना दिसत होती. मुलांसाठी पाच किलोमीटर, मुलींसाठी तीन किलोमीटर धावणे, लेखी परीक्षा आणि शेवटी चार तासांत पंचवीस किंवा सोळा किलोमीटर चालण्याची चाचणी. तंदुरुस्ती हवीच, पण निवड झाल्यावर त्या तरुणाच्या हाती जे नियतक्षेत्र येते त्यासाठी लागणारी विद्या वेगळीच आहे.

त्याला वनगुन्ह्याचा पंचनामा लिहावा लागतो. जप्त मालाची नोंद, साक्षीदारांच्या सह्या, जागेचे वर्णन, वेळ यांत चूक राहिली तर भारतीय वन अधिनियम १९२७ किंवा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खालचा खटला न्यायालयात टिकत नाही, आणि रात्रभर जागून पकडलेला माणूस सुटून जातो. त्याला रोपवन करावे लागते. १५ फेब्रुवारी ते १५ जून या आगीच्या हंगामात वाऱ्याची दिशा पाहून जाळरेषेवर उभे राहावे लागते. गस्तीची नोंद एम-स्ट्राइप्स या मोबाईल प्रणालीत करावी लागते. गावात बिबट्या शिरला की हजार माणसांचा जमाव काबूत ठेवावा लागतो, आणि त्या जमावातली निम्मी माणसे त्याला नावानिशी ओळखत असतात.

व्याघ्रगणनेचेच घ्या. २०२२ च्या देशव्यापी गणनेत ६ लाख ४१ हजार किलोमीटरहून अधिक अंतर पायी चालून पाहणी झाली आणि ३२ हजारांवर ठिकाणी कॅमेरे लावले गेले. देशातल्या वाघांची संख्या किमान ३१६७ आणि सरासरी ३६८२ असल्याचा अंदाज निघाला; महाराष्ट्रात २०१८ मध्ये ३१२ वाघ होते ते ४४४ झाले. ज्या आकड्यांवर देशाने अभिमान बाळगला त्यांचा पाया वनरक्षक आणि वनमजूर यांनी घातलेला आहे. ठरलेल्या वाटेवर चालून पगमार्क, विष्ठा आणि झाडावरचे ओरखडे नोंदवायचे, ट्रान्झेक्ट लाइनवर चालताना दिसलेल्या चितळ-सांबरांचे अंतर आणि कोन मोजायचा, कॅमेरा वाघाच्या खांद्याच्या उंचीचा विचार करून, उन्हाचा तिरपा झोत टाळून बांधायचा. यातले प्रत्येक काम शिकवावे लागते आणि शिकवलेले पुन्हा घोटून घ्यावे लागते. बिबट्याच्या ठशाला वाघाच्या पिल्लाचा ठसा समजले तर सगळी पाहणी चुकते.

या कामाची किंमतही पाहिली पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात याच गणनेच्या तयारीत चिन्हे शोधत चालणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्यासोबत वनमजूर होते. वाघ समोर दिसल्यावर किती अंतर ठेवायचे, केव्हा मागे फिरायचे, पथकात किती माणसे हवीत, ठरलेली वाट सोडण्याचा निर्णय कोणाचा, हे प्रश्न प्रशिक्षणाचे आहेत. त्यांची उत्तरे नव्या भरतीच्या सहा महिन्यांत एकदा सांगून भागत नाही. दरवर्षी उजळणी हवी, आणि त्या उजळणीत वनरक्षकाच्या मागे चालणारा वनमजूरही असला पाहिजे, कारण धोका दोघांना सारखाच आहे.

माळावरची शाळा

सरकारी अकादमींच्या बाहेर महाराष्ट्राने प्रशिक्षणाचे एक निराळे रूप घडवले, ते पाण्याच्या कामात. १९७२ च्या दुष्काळाने राज्याला हादरवले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. राळेगणसिद्धी आणि पुढे हिवरे बाजार ही गावे शिकायला येणाऱ्यांची ठिकाणे झाली. १९८० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, उभी राहिली आणि सिंचन खात्याच्या अभियंत्यांना शेताच्या बांधापर्यंतचे पाणी-व्यवस्थापन शिकवू लागली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने संगमनेर तालुक्यात दरेवाडीला प्रशिक्षण केंद्र चालवले. गावातल्याच तरुणांना पाणलोटाचे काम शिकवून त्यांच्या हाती ते सोपवायचे, ही त्यामागची रीत. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनने वॉटर कप या गावांच्या स्पर्धेसाठी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरुवात केली आणि गावकऱ्यांसाठी चार दिवसांचे निवासी शिबिर घेतले. पुढच्या वर्षांत स्पर्धा सत्तरहून अधिक तालुक्यांत पोहोचली.

या शिबिरात काय शिकवतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचा असतो. साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल. चर खणायला ताकद लागते, पण तो कुठून न्यायचा ते ठरवायला हायड्रोमार्कर लागतो. दोन सारख्या उंचीच्या, मापे आखलेल्या काठ्या आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक माणूस पहिली काठी धरून जागेवर उभा राहतो, दुसरा आपली काठी घेऊन उतारावर खाली-वर सरकतो. दोन्ही नळ्यांतले पाणी एकाच मापावर स्थिरावले की दोघांच्या पायाखालची जमीन एका पातळीत आली. तिथे फक्कीची खूण करायची आणि पहिल्याने पुढे जायचे. अशा खुणा जोडत गेले की समतल रेषा मिळते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकते. रेषा चुकली की चरातले पाणी एका टोकाला धावते, तिथली कड फोडते आणि मातीच वाहून नेते. नीट आखलेला चर मात्र पहिल्या पावसातच आपले काम दाखवतो. सातवी शिकलेली बाई हे काम एका दिवसात शिकते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या लोकांना शिकवते. उत्तम व्यवसाय-प्रशिक्षण म्हणतात ते हेच : साधन स्वस्त, चूक ताबडतोब दिसणारी, शिकवणारा आपल्यातलाच आणि परीक्षा प्रत्यक्ष जमिनीवर.

जमिनीच्या वरचे पाणी दिसते, खालचे दिसत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये एकावर एक थर असतात. सच्छिद्र थरात पाणी साठते, अखंड थर ते अडवतो. कुठला थर कुठे उघडा पडला आहे हे न पाहता जेसीबीने नाला खोल केला तर साठा वाढण्याऐवजी आहे तेच पाणी निघून जाण्याची भीती असते. पुण्याची अॅक्वाडॅम ही संस्था १९९८ पासून गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना खडक ओळखायला, विहिरींच्या पातळ्या नोंदवायला आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवत आली आहे. राजस्थान आणि गुजरातमधल्या एका प्रकल्पात गावातलेच 'भूजल जाणकार' तयार झाले. ते विहिरींच्या पातळ्या मोजतात आणि त्या आकड्यांवर गावात चर्चा घडवतात. २०१९ अखेरीस सुरू झालेल्या, सहा हजार कोटी रुपयांच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्ये होती आणि तिचाही भर गावाने स्वतः पाण्याचा हिशेब मांडण्यावर होता.

मग अडते कुठे? स्पर्धा संपते, प्रकल्पाची मुदत संपते, संस्थेचा निधी आटतो. शिकलेला तरुण पुण्या-मुंबईला निघून जातो. रोजगार हमीच्या कामांसाठी मजुरांच्याच घरातल्या दहावी झालेल्या तरुणांना नव्वद दिवस शिकवून 'बेअरफूट टेक्निशियन' करण्याची योजना केंद्राने आखली होती. कामाची आखणी, मापे, अंदाजपत्रक हे सारे त्यात होते. विचार अचूक होता. पण अशा तंत्रज्ञाचे पद गावात कायमचे नसेल तर ते नव्वद दिवस त्याच्यासाठी एक आठवण होऊन राहतात. पाणलोटाची कामे दुरुस्ती मागतात. बांध फुटतात, चर बुजतात, पातळ्या दरवर्षी मोजाव्या लागतात. काम कायमचे आहे, नेमणूक मात्र तात्पुरती.

किनाऱ्यावरचे धडे

कोकणात शिक्षण आणि चरितार्थ यांची गाठ सुरुवातीलाच घातली गेली, म्हणून तिथले प्रयोग महत्त्वाचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम केले. पहाटे किनाऱ्यावर चालत कासविणीचा माग काढणे, वाळूत काठी अलगद खुपसून घरटे शोधणे, अंडी न हलवता-उलटवता उचलणे, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा खड्डा घेऊन ती पुन्हा पुरणे, तारीख लिहिणे आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले निघू लागली की त्यांना स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जाऊ देणे : हे काम गावातले कासवमित्र करतात. पूर्वी यातल्याच कित्येक घरांत कासवाची अंडी खाल्ली जात. माग काढण्याची नजर तीच राहिली, तिचा उपयोग बदलला. कासव महोत्सवाला येणारे पाहुणे गावातच घरगुती मुक्काम करू लागले आणि संवर्धनाचा पैसा घरात दिसू लागला.

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटातल्या बायकांनी मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतल्या या बायका होडी वल्हवतात आणि तिवर, कांदळ, त्यांची श्वासमुळे, त्यात वाढणारी माशांची पिल्ले याबद्दल पर्यटकांना सांगतात. त्यांना खाडी जन्मापासून ठाऊक होती. प्रशिक्षणाने त्यांना पाहुण्याशी बोलण्याची, सुरक्षिततेची आणि हिशेबाची शिस्त दिली. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि खेकडापालन, कालवपालन यांसारखे व्यवसाय कांदळवनांच्या राखणीशी जोडले. तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या केंद्रात स्कूबा डायव्हिंगचे रीतसर प्रशिक्षण मिळते. पाण्याखाली उतरू शकणारा स्थानिक तरुण उद्या प्रवाळांची पाहणी करू शकतो.

याला मर्यादाही आहेत. कासवांचा हंगाम थोड्या महिन्यांचा, सफरीचे दिवस पर्यटकांवर अवलंबून, पावसाळ्यात उत्पन्न बंद. ताडोबा-पेंचमधल्या गाइडांचीही हीच कथा. पावसाळ्यात मुख्य क्षेत्र बंद झाले की अनेकांची कमाई थांबते. त्यामुळे एकाच कामाचे प्रशिक्षण अपुरे पडते. गाइडला पाहणीचे, रोपवाटिकेचे, आग-नियंत्रणाचेही काम आले तर बारा महिने हाताला काम राहील.

ग्रामसभेच्या हाती जंगल

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि जंगलाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी खात्याबाहेरच्या लोकांकडे आली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत वर्षानुवर्षे चाललेले अभ्यासगट यामागे होते. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही बांबूची तोड, विक्री आणि मजुरी ग्रामसभेतून चालवून दाखवली.

परवान्याचे पुस्तक हाती आले की किती विद्या लागतात ते लगेच कळते. बांबूच्या रांजीतले कोणते बांबू तोडायचे आणि कोवळे कोणते राखायचे, जीपीएसने हद्द कशी मोजायची, तेंदूपानांचा लिलाव कसा करायचा, ठेकेदाराशी करार कसा लिहायचा, बँक खाते, करांचा हिशेब, लेखापरीक्षण, आणि या सगळ्याच्या वर पुढच्या दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा. विदर्भात हजारो ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. आराखडा करू शकणारी आणि हिशेब ठेवू शकणारी माणसे गावातच नसतील तर हक्क कागदावर राहतो किंवा बाहेरच्या सल्लागाराच्या हाती जातो. वनसचिव म्हणा, वनव्यवस्थापक म्हणा, हे पद ग्रामसभेच्या उत्पन्नातून पगार देता येण्याजोगे आहे. या क्षेत्रातली सर्वात मोठी संधी मला इथे दिसते.

तयार मालाची बाजूही आहे. चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि कुडाळची कॉनबॅक ही संस्था बांबूवरची प्रक्रिया, फर्निचर, बांधकाम शिकवतात. २०१७ मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून निघाला आणि शेतकऱ्याची वाट मोकळी झाली. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून मधपाळ घडवते आहे; महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. पोळे पिळून मध काढणारा आणि पेटीतल्या वसाहती सांभाळून मध घेणारा, यांच्यात फरक पडतो तो प्रशिक्षणाने.

कागदावरची शिडी

आता प्रमाणपत्रांकडे वळू. महाराष्ट्रात १९८८-८९ पासून अकरावी-बारावीला किमान कौशल्याधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. त्यांत शेती होती, मत्स्यव्यवसाय होता, वनांचा स्वतंत्र गट नव्हता. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि प्रत्येक व्यवसायाला स्तर ठरवून देण्याची पद्धत रूढ झाली. २०१५ मध्ये हरित रोजगारांसाठी कौशल्य परिषद स्थापन झाली, तिचा मोठा भर सौरऊर्जा आणि कचरा व्यवस्थापनावर राहिला. जून २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा जिल्ह्यांत हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला. वनस्पती-प्राणी ओळखणारे सहायक वर्गीकरणतज्ज्ञ, जैवविविधता नोंदवही करणारे कार्यकर्ते, निसर्ग मार्गदर्शक असे अभ्यासक्रम त्यात होते. पुढे २०२१ पर्यंत साडेपाच लाखांहून अधिक तरुणांना शिकवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असे म्हटले.

अभ्यासक्रमांची रचना चांगली होती. पण शिकलेल्याला घेणार कोण, हे आधी ठरले नव्हते. जैवविविधता कायदा २००२ खालच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांचे उदाहरण बोलके आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने ती करायची; राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तगादा लावल्यावर जानेवारी २०२० च्या मुदतीपूर्वी देशभर घाई झाली. गावातल्या जाणत्यांना विचारत, ऋतूंप्रमाणे फिरत वर्षभरात करायची नोंदवही अनेक ठिकाणी एकमेकींसारखी निघाली. एकीकडे प्रशिक्षित तरुण बेकार आणि दुसरीकडे त्याच कामासाठी माणूस नाही म्हणून कागद भरले गेले. दोन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली घडल्या. शहरांतही तेच. १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकांना वृक्ष प्राधिकरण आणि ठरावीक काळाने वृक्षगणना बंधनकारक आहे, पण झाडावर चढून शास्त्रशुद्ध छाटणी करणारा प्रशिक्षित माणूस शोधूनही सापडत नाही. पावसाळ्यापूर्वी बुंध्यापर्यंत छाटलेली झाडे प्रत्येक शहरात दिसतात आणि एकाच बाजूला तोललेली ती झाडे पुढच्या वादळात कोसळतात.

शाळेच्या पातळीवर मात्र एक चांगले उदाहरण घरातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवड्यातला एक दिवस मुलांनी हाताने काम करत शिकायचे आणि त्या कामाचा गावाला उपयोग झाला पाहिजे, ही त्यांची पद्धत राज्यातल्या अनेक शाळांत गेली. त्यात ऊर्जा-पर्यावरण आणि शेती हे विषय आहेतच. जंगलालगतच्या आश्रमशाळांत त्याच धर्तीवर रोपवाटिका, ओढ्याची पाहणी, पक्षीनोंद सुरू करायला कोणतीही नवी संस्था उभारावी लागणार नाही.

ज्यांना आधीच येते ते

या क्षेत्रात एक अन्याय जुना आहे. ज्यांना जंगल सर्वाधिक कळते त्यांनाच अशिक्षित ठरवले गेले. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांत पारधी होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय राहिला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासात बिहारच्या मिरशिकारांची मदत घेतली, तेव्हा पाखराला इजा न करता पकडण्याचे त्यांचे कसब शास्त्राच्या कामी आले. त्यातले अली हुसेन यांचे नाव पक्षीशास्त्रज्ञ आदराने घेतात. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण पर्यटकांना पायी फिरवून माग वाचायला शिकवतात. विदर्भात अकोला-वाशीमच्या माळांवर फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ अधिवास आणि तणमोर वाचवण्याचे काम झाले आहे.

कौशल्य योजनांत 'पूर्वशिक्षणाला मान्यता' अशी तरतूद आहेच. आधीच येणाऱ्या कामाची परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचे, एवढी ती सोपी आहे. ती गवंड्याला आणि शिंप्याला लागू पडते, तर माग काढणाऱ्याला, वैदूला, मध काढणाऱ्या कोरकूला, खाडी ओळखणाऱ्या कोळणीलाही लागू पडली पाहिजे. आणि वनखात्याच्या शाळांत ही माणसे मानधनावर शिकवायला आली पाहिजेत.

आता काय करावे

पहिली गोष्ट, पद आधी आणि अभ्यासक्रम नंतर. जिल्ह्यात किती जलमापक, किती रोपवाटिका-तंत्रज्ञ, किती ग्रामसभा-वनव्यवस्थापक, किती वृक्षनिगा कामगार लागतील याची यादी जिल्हा नियोजन समितीने करावी, त्यांचा पगार अंदाजपत्रकात धरावा आणि तेवढ्याच जागांसाठी प्रशिक्षण द्यावे. रोपवाटिकांचे महत्त्व इथे विसरू नये. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा मोहिमांचे यश खड्ड्यांच्या संख्येवर ठरत नाही. बी कुठल्या झाडाचे घेतले, पिशवीत मूळ गुंडाळले गेले का, रोप उन्हाला सरावले का, हे पाहणाऱ्या हातांवर ते ठरते.

दुसरी गोष्ट, वनमजूर आणि हंगामी कामगार यांना उमेदवारीचा दर्जा, प्रमाणपत्र, विमा आणि त्यानुसार वाढणारी मजुरी. तिसरी, अकादमींची दारे खात्याबाहेर उघडावीत. कुंडल आणि चंद्रपूरच्या सोयींचा लाभ ग्रामसभांच्या प्रतिनिधींना आणि जैवविविधता समित्यांच्या सदस्यांना नियमितपणे मिळायला हवा. चौथी, आयटीआयमध्ये वन आणि पाणलोट तंत्रज्ञ हा व्यवसाय यावा आणि त्याचे निम्मे वर्ग वर्गाबाहेर, डोंगरावर भरावेत. यातली कोणतीही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. दरेवाडीने, वेळासने, मेंढ्याने, पाबळने ती आपापल्या परीने करून दाखवली आहे. राहिले आहे ते या प्रयोगांना पगाराची आणि पदाची हमी देणे.

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपली लोकजैवविविधता नोंदवही कोणी केली आणि ती कुठे आहे? आपल्या पाणलोटाची मापे आज कोण घेते? आपली झाडे छाटणाऱ्या माणसाला ते काम कोणी शिकवले? उत्तर मिळाले नाही तर त्या कामासाठी आपल्याच गावातल्या एका मुलाचे किंवा मुलीचे नाव सुचवा, आणि त्याच्या किंवा तिच्या प्रशिक्षणाची व पगाराची तरतूद त्याच ठरावात लिहून घ्या.